पावसाळा लागला की कासवाच्या कवचाला पुन्हा जखमा: दुखणं दरवर्षी का उलटतं आणि काय करायचं

आमच्याकडे लाल कानपट्टीचं पाण्यातलं कासव आहे, दुकानात ज्याला स्लायडर म्हणतात ते. मादी, वय नऊ वर्षं, पाठीचं कवच १९ सेंटिमीटर, वजन किलोभर. नाव मोदक, मुलगी दुसरीत असताना तिने ठेवलेलं. या मोदकच्या पोटाकडच्या कवचावर सलग तीन वर्षं एकच दुखणं उलटलं. आधी पांढुरका डाग, मग तो मऊ पडायचा, मग खड्डा, आणि खड्ड्याला कुजका वास. औषधोपचार झाले की दोन-तीन महिन्यांत बरं व्हायचं. आम्ही सुटकेचा श्वास सोडायचो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

औषध चुकतंय असं आम्हाला वाटत होतं. पहिल्या काही आठवड्यांची गडबड सोडली तर औषध बरोबरच होतं. चूक टाकीत होती, आणि ती शोधायला आम्हाला तीन पावसाळे लागले. तुमच्याही कासवाचं दुखणं असं परत परत येत असेल, तर आमचे तीन पावसाळे तुमच्या उपयोगी पडावेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी हे नक्की करा: कात आहे, क्षार आहेत की जखम

पाठीवरचा प्रत्येक पांढरा डाग म्हणजे रोग नव्हे. पाण्यातली कासवं वाढताना कवचावरचे पातळ पापुद्रे टाकतात. ते कांद्याच्या सालीसारखे पारदर्शक असतात आणि खाली नवं, चकचकीत, टणक कवच दिसतं. ते आपोआप गळू द्यावेत, नखाने सोलू नयेत. दुसरं म्हणजे बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार. कासव सुकलं की पांढरी भुकटीसारखी पुटं दिसतात आणि ओलं केलं की गायब होतात. बादलीला जशी पुटं धरतात तशीच.

जखम वेगळी कळते. स्वच्छ हात लावून, अगदी हलक्या दाबाने बघा: आजूबाजूचं कवच लाकडासारखं कडक आणि तेवढाच ठिपका साबणाच्या वडीसारखा दबतो. कडेने पापुद्रा उचललेला असतो आणि आत पिवळट, पनीरच्या चुऱ्यासारखा थर असतो. वास घेऊन बघा. निरोगी कासवाला टाकीचा, शेवाळाचा वास येतो. कुजलेल्या कवचाला फुलदाणीत आठवडाभर राहिलेल्या पाण्याचा वास येतो. मोदकच्या वेळी डाग दिसायच्या चार दिवस आधी मला तो वास आला होता आणि फिल्टर घाण झाला असेल म्हणून मी तो सोडून दिला. तसं करू नका.

पनीरचा चुरा म्हटलं ते नुसतं वर्णन नाही. माणसाचा किंवा कुत्र्याचा पू पातळ असतो, वाहून जातो. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पांढऱ्या पेशींमध्ये पू विरघळवणारी ती रसायनं नसतात, म्हणून त्यांचा पू घट्ट गोळा होऊन जागच्या जागी बसतो. त्याचा निचरा होत नाही आणि वरून लावलेलं औषध त्याच्या आत पोहोचत नाही. तो खरवडून काढावाच लागतो. नुसतं मलम लावून भागेल या आशेवर आमचे पहिले तीन आठवडे वाया गेले ते यामुळे.

या खुणा दिसल्या तर पुढचं वाचत बसू नका

पोटाच्या कवचाखाली किंवा पायांच्या मुळाशी गुलाबी-लाल छटा पसरलेली, टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके, मागचे पाय लुळे, खाणं बंद, उचललं तरी मान आत न घेणं. यातलं काहीही दिसलं तर जंतू रक्तात उतरले असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तसंच पाण्यात एका बाजूला कलून पोहणं, नाकातून बुडबुडे, मान लांब करून तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणं आहेत. कासवाला आपल्यासारखं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, नसतं, त्यामुळे आत साचलेलं खोकून बाहेर टाकणं त्याला जमत नाही. न्यूमोनिया हळूहळू वाढतो आणि आपल्या लक्षात येईपर्यंत बराच पुढे गेलेला असतो.

डॉक्टर मात्र सरपटणारे प्राणी बघणारा हवा. पुण्या-मुंबईत आता असे डॉक्टर आहेत, आणि लहान गावातून त्यांना फोटो पाठवून, फोनवर बोलून तुमच्या गावच्या पशुवैद्याकडून उपचार करवून घेता येतात.

पहिली दोन वर्षं: बरं होत होतं, पण टिकत नव्हतं

पहिल्या वर्षी मी दुकानात विचारलं. त्यांनी बुरशी आहे म्हणून पाण्यात टाकायचं पिवळं औषध दिलं. पाणी पिवळं झालं, डाग तसाच. मग घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथेही बुरशीचं मलम मिळालं. तीन आठवड्यांनी खड्डा रुपयाच्या नाण्याएवढा झाला तेव्हा कोणीतरी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं.

त्यांनी मोदकला उताणी धरली, बोथट चमच्यासारख्या हत्याराने तो पिवळा थर काढला, आणि काढलेल्यातला थोडा भाग नमुना म्हणून तपासणीला पाठवला. कोणते जंतू आहेत आणि कोणत्या अँटिबायोटिकने मरतात हे त्यात कळतं. आमच्या अहवालात सिट्रोबॅक्टर आणि स्यूडोमोनास निघाले. पाण्यातल्या कासवांच्या कवचाच्या संसर्गात सिट्रोबॅक्टर फ्रुंडी, एरोमोनास आणि स्यूडोमोनास ही नावं वारंवार येतात. बुरशी निघालीच नाही. डोळ्यांनी बघून बुरशी की जीवाणू हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून दुसऱ्यांदा दुखणं आलं असेल तर ही तपासणी आग्रहाने करून घ्या. पैसे जातात, पण चुकीच्या औषधात गेलेल्या दोन महिन्यांपेक्षा कमीच.

मग दर तिसऱ्या दिवशी सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकचं इंजेक्शन, पुढच्या पायात. मागच्या पायात का नाही, असं मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "मॅडम, कासवाच्या मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडाकडून जाऊ शकतं. औषध तिथेच गळून जायचं, नाहीतर मूत्रपिंडाला त्रास व्हायचा." तुमच्या कासवाला कोणी मागच्या पायात सुई देत असेल तर नम्रपणे हा प्रश्न विचारा.

सप्टेंबरात सुरू केलेले उपचार नोव्हेंबरात संपले. खड्ड्याचा तळ कोरडा, टणक आणि फिकट झाला होता. पुढचा मे महिना संपेपर्यंत काही नाही. आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तो वास.

आईंचं एक वाक्य

दुसऱ्या वर्षी तेच, तेच औषध, तसंच बरं होणं. तिसऱ्या वर्षी मी डोक्याला हात लावून बसले होते. सासूबाई गवार निवडत होत्या. म्हणाल्या, "अगं, वैशाखात हिला कधी काही होत नाही बघ. आषाढ लागला की सुरू."

"आई, पावसाळ्यात जंतू वाढतातच."

"वाढू देत. पण हिवाळ्यात तर हिला काहीच होत नाही. मग थंडीचा दोष कसा म्हणतेस?"

कारण तोपर्यंत मी सगळ्यांना "थंडीने होतं" असंच सांगत होते. त्या रात्री मी जुन्या पावत्या आणि फोनमधले फोटो काढून तारखा लिहून काढल्या. पहिला डाग: १९ ऑगस्ट. दुसऱ्या वर्षी: १२ जुलै. तिसऱ्या वर्षी: २८ जुलै. डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा पुण्यात रात्री खरोखर गारठा असतो, तेव्हा एकदाही नाही.

मग वर्षभर आम्ही काय काय करतो ते ऋतूप्रमाणे लिहिलं आणि गोष्ट उलगडली.

हिवाळ्यात आमच्या टाकीत हीटर असतो. नोव्हेंबरात लावायचा, होळी झाली की काढून माळ्यावर. शिवाय हिवाळ्यात गॅलरीत छान ऊन असतं, मोदक रोज तासभर टबात बसून ऊन खाते. उन्हाळ्यात पाणी तसंच गरम, सकाळचं ऊन मिळतंच. आणि पावसाळ्यात? हीटर माळ्यावर, कारण हीटर म्हणजे थंडीचं साधन असं आमच्या डोक्यात पक्कं. गॅलरीत पाऊस, म्हणून सरकती काच बंद आणि मोदक काचेच्या आत. अधूनमधून ऊन पडलं तर ते काचेतून तिच्या अंगावर येतं आहे याचं मला समाधान.

मी २० रुपयांची वही आणि साधा तापमापक आणला. ऑगस्टात पहाटे सहाला टाकीचं पाणी २२ अंश, दुपारी २४. हॉलमधला पंखा चालू असला की आणखी अर्धा अंश कमी. या जातीला पाणी २४ ते २७ अंश लागतं आणि ऊन खायची जागा ३० ते ३२. कासवाला स्वतःची उष्णता तयार करता येत नाही. शरीर गार पडलं की भूक मंदावते, खाल्लेलं पचत नाही आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशीही सुस्तावतात. जंतूंना मात्र २२ अंशही चालतात. म्हणजे जून ते सप्टेंबर, चार महिने, आम्ही तिला न कळत अर्ध्या ताकदीवर ठेवत होतो.

काचेतल्या उन्हाचं तर फारच वाईट वाटलं. कवच बनवायला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व, आणि ते त्वचेत तयार व्हायला उन्हातले अतिनील बी (UVB) किरण. खिडकीची साधी काच हे किरण जवळपास पूर्ण अडवते. ऊब येते, उजेड येतो, पण जे हवं ते बाहेरच राहतं. मोदक तासन्‌तास काचेआड मान वर करून बसायची आणि मला वाटायचं, किती छान ऊन खातेय.

ओल्या फळीची परीक्षा

हे एक तुम्ही आज, पाच मिनिटांत करून बघू शकता. कासव ऊन खायच्या जागेवर तासभर बसलं की त्याला अलगद उचला आणि पोटाच्या कवचावर कोरडा टिश्यू पेपर दाबा.

मी दाबला तो चिंब होऊन आला.

आमची फळी काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्यांवर टिकलेली होती. मोदक नाण्याएवढी होती तेव्हा घेतलेली. आता किलोभर वजनाने ती एका बाजूने पाण्यात बुडत होती आणि वरून सगळ्यांत ओला भाग होता नेमका मधला, जिथे पोट टेकतं. पाठीचा वरचा भाग सुकायचा, म्हणून मला वाटायचं कासव सुकलं. पोट चोवीस तास ओलं. त्यात पावसाळ्याची दमट हवा, की कपडे दोन दिवस वाळत नाहीत. तिन्ही वर्षी जखम पोटावरच का, पाठीवर एकदाही का नाही, याचं उत्तर त्या टिश्यू पेपरवर होतं.

फळीचा पृष्ठभागही बोटाने चाचपून पाहिला. शोभेचे बारीक दगड चिकटवलेले, त्यातले दोन निघून धारदार कड उरलेली. ओलं, मऊ झालेलं कवच त्यावर रोज घासलं जात होतं. जंतू प्रत्येक टाकीत असतात. आत शिरायला त्यांना ओरखडा लागतो.

आम्ही काय बदललं

हीटर आता वर्षभर टाकीत असतो, तापमान नियंत्रकावर २६ अंशाला लावलेला. उन्हाळ्यात तो आपोआप बंदच राहतो. वीज गेली तर इन्व्हर्टरवर तो चालवत नाही. टाकीभोवती जुनी गोधडी गुंडाळली की चार-पाच तासांत तापमान फारसं उतरत नाही. काचेच्या हीटरला प्लास्टिकचं जाळीदार कवच लावाच, कासव धडकून तो फोडू शकतं. आणि पाणी बदलताना आधी प्लग काढा.

ऊन खायची जागा: रबरी वाट्यांची फळी काढून सुताराकडून टाकीच्या कडेवर बसणारी चौकट करून घेतली, वर प्लास्टिकची जाळी, पाण्यापासून पूर्ण वर, चढायला उतार. वर दोन दिवे. एक ५० वॉटचा साधा हॅलोजन उबेसाठी, दुसरी अतिनील बी किरणांची नळी. ही नळी कासवापासून २५ ते ३० सेंटिमीटरवर, मध्ये काच किंवा ॲक्रिलिक काहीही नको. दिवसाला १० ते १२ तास, टायमरवर. नळी दिसायला पेटत राहते पण वर्षभरात तिचे उपयोगी किरण घटतात, म्हणून तिच्यावर मार्करने लावल्याची तारीख लिहिली आहे. ज्या दिवशी पाऊस उघडतो त्या दिवशी खरं ऊन, काचेबाहेर. टबात अर्धा भाग सावली ठेवून आणि शेजारी बसून, कारण घारी आणि कावळे असतात, आणि सावली नसलेल्या टबात कासव अर्ध्या तासात उष्माघाताने जाऊ शकतं.

पाण्याबद्दल थोडक्यात. कवचाच्या दर इंचामागे साधारण ४० लिटर पाणी हा हिशेब धरा. मोदकला ३०० लिटर हवं होतं, होतं १५०. काचेची मोठी टाकी परवडेना म्हणून फायबरचा टब आणला. दिसायला साधा, पण तिला पोहायला जागा झाली. फिल्टर टाकीतल्या पाण्याच्या दुप्पट क्षमतेचा तरी घ्या, कारण फिल्टरवर लिहिलेली क्षमता माशांसाठी असते आणि कासव माशांच्या कितीतरी पट घाण करतं. घाणीतून पाण्यात तयार होणारं अमोनिया आणि नायट्राइट शून्य हवं, त्याच्या तपासणीच्या बाटल्या मत्स्यपालनाच्या दुकानात मिळतात. एक चूक आम्ही वर्षानुवर्षं केली: दर रविवारी फिल्टरमधला स्पंज नळाखाली लख्ख धुवायचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने अमोनिया पचवणारे उपयोगी जीवाणू मरतात आणि सोमवारी पाणी निर्मळ दिसलं तरी अमोनिया चढतो. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

खाण्यातही खोट होती. डब्यातले वाळलेले कोळंबीसारखे लाल किडे हेच तिचं मुख्य जेवण होतं, कारण ते ती झडप घालून खायची. त्यात अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. ते कमी पडलं की डोळ्यांच्या, कानाच्या, श्वासनलिकेच्या आतलं नाजूक अस्तर जाड आणि कोरडं होतं आणि तिथे जंतू बसतात. पापण्या सुजून डोळे मिटणं, किंवा डोळ्यामागे कानपट्टीवर सुपारीएवढी गाठ येणं, ही त्याची नेहमीची रूपं. कानाची ती गाठ म्हणजे आत पनीरासारखा पू. ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते, दाबून फुटत नाही. आता मोदकला चांगल्या प्रतीच्या गोळ्या, गाजर आणि लाल भोपळ्याचा कीस, शेवग्याचा पाला, कधी जलपर्णी, आणि पाण्यात तरंगणारा समुद्रफेसाचा तुकडा, जो ती स्वतःहून कुरतडते. पालक आम्ही बंद केला, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. पहिले नऊ दिवस तिने पाल्याला तोंड लावलं नाही. निरोगी मोठं कासव तेवढे दिवस सहज काढतं, म्हणून डॉक्टरांना विचारून मी मन घट्ट केलं. दहाव्या दिवशी शेवगा संपला.

जखम असतानाची रोजची देखभाल

हे डॉक्टरांनी थर खरवडून काढल्यानंतरचं आहे, त्याऐवजी नव्हे.

सकाळी जखम कोमट पाण्याने धुऊन, कोऱ्या चहाच्या फिक्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन मऊ दातघासणीने हलकेच लावायचं, दहा मिनिटांनी धुवायचं, टिश्यूने टिपायचं. मग सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाचा पातळ थर. यानंतर कासवाला कोरडं ठेवायचं: मोठ्या प्लास्टिकच्या टबात जुना पंचा, एका बाजूला दिवा, तापमान २८ ते ३०. दिवसातून दोनदा तासभर स्वच्छ कोमट पाण्यात, तेव्हाच खायला द्यायचं. पाण्यातली कासवं पाण्याखालीच गिळू शकतात, कोरड्यात ठेवून समोर खाणं टाकलं तर ती उपाशी राहतात. लोक कोरडं ठेवायचं म्हणतात तेव्हा पाणीच बंद करतात, आणि काही अँटिबायोटिकं चालू असताना शरीरात पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडं जातात. किती दिवस कोरडं ठेवायचं, इंजेक्शनाची मात्रा किती, हे दर खेपेला वजन करून डॉक्टरच ठरवतील.

घरगुती उपायांचा मोह आम्हालाही झाला. खोबरेल तेल लावू नका; ओल्या जखमेवर तेलाचा थर बसला की हवा बंद होते आणि हवेवाचून वाढणाऱ्या जंतूंना आत मोकळं रान मिळतं. हळदीने जखम पिवळी होते आणि पूचा रंग ओळखता येत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड नवी येणारी पेशीही जाळतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आयव्हरमेक्टिन. कुत्र्या-गुरांना जंतांसाठी सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवांना मारक आहे. कासव न बघणाऱ्या डॉक्टरकडे जावं लागलंच तर हे औषध देऊ नका असं स्वतःहून सांगा. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही सहज म्हणून घेऊ नका, जास्त झालं तर कातडी सोलवटून निघते.

बरं होणं अत्यंत संथ असतं. कवच हाडाचं आहे. खड्डा कोरडा आणि टणक झाला म्हणजे संसर्ग गेला; तो भरून यायला वर्ष लागू शकतं, कधी पूर्ण भरतच नाही. म्हणून "खड्डा दिसतोय" यावर जाऊ नका. मऊपणा, वास आणि ओल, या तिन्हींवर लक्ष ठेवा.

घरातल्या माणसांसाठी

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या पोटातही साल्मोनेला हा जंतू असू शकतो. त्याला त्याने काही होत नाही, लहान मुलांना आणि वृद्धांना होतं. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं विकण्यावर १९७५ पासून बंदी आहे ती याच कारणाने, मुलं ती तोंडात घालत. टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नका, हे मी स्वतः पाहिलं आहे म्हणून लिहिते. कासवाचा वजनकाटा आणि दातघासणी वेगळी ठेवा, हात साबणाने धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांना दुरूनच दाखवा.

जमिनीवरची कासवं

पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं स्टार कासव घरात असेल, कोणी लक्ष्मी येते म्हणून दिलं असेल, तर त्याचं दुखणं घरी सोडवत बसू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते पाळता येत नाही, आणि २०१९ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या जागतिक कराराच्या परिशिष्ट १ मध्ये बंद आहे. आपल्या तळ्या-विहिरींतली कासवंही या कायद्याच्या संरक्षणाखाली येतात. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आपल्याकडच्या देवळांत गाभाऱ्यासमोर कासव असतं ते दगडाचं. जिवंत कासवाला वाडग्यात ठेवून कोणाचं भलं होत नाही, कासवाचं तर नाहीच.

परदेशातले मराठी लोक कायदेशीरपणे जमिनीवरची कासवं पाळतात, त्यांच्याकडे वारंवार उलटणारं दुखणं म्हणजे नाकातून पाणी. तिथे बऱ्याचदा मायकोप्लाझ्मा हा जीवाणू असतो. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातल्या कासवांना त्यानेच पोखरलं. तो औषधाने दबतो, पण शरीरातून पूर्ण जाईलच असं नाही, म्हणून नाक वाहिलेलं कासव बरं झाल्यावरही नव्या कासवात मिसळू नका. आणि स्लायडर कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडू नका; ते मूळचं अमेरिकेतलं आहे आणि इथल्या कासवांची जागा आणि खाणं बळकावतं.

सध्याची स्थिती

हे सगळं बदलून दोन पावसाळे गेले. पहिल्या पावसाळ्यात ऑगस्टच्या शेवटी जुन्या खड्ड्याच्या कडेला एक ठिपका दिसला. वही काढली तर आठवडाभर पाणी २३ अंशांवर होतं, नियंत्रकाची तार पाण्याबाहेर निघाली होती आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. तार आत बसवली, डॉक्टरांना दाखवलं, सहा दिवस आयोडीन आणि कोरडा टब, इंजेक्शनाशिवाय निभावलं. दुसऱ्या पावसाळ्यात काहीच नाही.

जुना खड्डा अजून आहे, करंगळीच्या नखाएवढा, तळ कडक. दर महिन्याच्या १ तारखेला मी शेजारी पट्टी ठेवून त्याचा फोटो काढते आणि पोटाला टिश्यू लावते. या महिन्यातला टिश्यू वहीत तारखेखाली चिकटवला आहे, कोराच्या कोरा.